या चुका टाळा : प्रोग्रामिंगच्या ग्रुपवरून नवखे का पळतात

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांचा एक टेलिग्राम ग्रुप मी गेली सहा वर्षं सांभाळतोय. नोकरी पणजीत पाटोवर, घर माशेलला, त्यामुळे ग्रुपची निम्मी कामं बसमध्ये उभ्या-उभ्या होतात. सभासद म्हणजे फोंडा, डिचोली, पेडण्याकडची कॉलेजची मुलं, शिवाय शाळांत कोडिंग शिकवायच्या गोवा सरकारच्या केअर्स योजनेमुळे अचानक कोडिंगशी गाठ पडलेले दोन-तीन मास्तर. नवखा येतो, एक प्रश्न विचारतो, उत्तर मिळतं आणि तो पुन्हा दिसत नाही. आम्ही जुनी माणसं 'आजकालच्या मुलांना चिकाटी नाही' म्हणून मोकळे होतो. चिकाटी कमी आहे हे खरंच, त्यावर शेवटी बोलतो. पण खालच्या चुका आमच्या आहेत.

फोनवर कोड टाइप करून पाठवणं

ही चूक मीच केली, म्हणून आधी तीच. दोन पावसाळ्यांपूर्वी पेडण्याच्या बाजूची एक मुलगी ग्रुपवर आली. कॉलेजचा प्रोजेक्ट, सबमिशन दुसऱ्या दिवशी. (इथेच माझ्या कपाळाला आठ्या. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामानसुद्धा लोक चार दिवस आधी जमवतात, प्रोजेक्ट मात्र आदल्या रात्री.) फाइल वाचायच्या तीन ओळी तिला जमत नव्हत्या. बाणस्तारीचा पूल यायच्या आत मी त्या फोनवर टाइप करून पाठवल्या. 'हे टाक, चालेल.'

पाच मिनिटांनी तिचा मेसेज : 'सर, चालत नाही.'

मी लिहिलं, 'कोड बरोबर आहे, नीट कॉपी कर.' आणखी एकाने भर घातली, 'आधी बेसिक पक्कं कर, मग प्रोजेक्टला हात लाव.' त्याच्यावर लगेच चार हसरे चेहरे. रात्री साडेअकराला तिने एररचा स्क्रीनशॉट टाकला, तो कुणी उघडलाही नाही. सकाळी ती ग्रुपवर नव्हती.

आठवड्याने दुसऱ्या कुणाला तेच हवं होतं, म्हणून मी माझाच जुना मेसेज कॉपी करून लॅपटॉपवर चालवला. सिंटॅक्स एरर, इन्व्हॅलिड कॅरॅक्टर, म्हणजे कोडमध्ये न चालणारं चिन्ह! माझ्या फोनच्या कीबोर्डने फाइलच्या नावाभोवतीची सरळ अवतरणचिन्हं गुपचूप वळवून “ ” अशी केली होती. आयफोनवर या आगाऊपणाला स्मार्ट पंक्चुएशन म्हणतात. आपल्या डोळ्याला दोन्ही चिन्हं सारखीच, पायथनला फक्त सरळ कळतं. एररमध्ये ते वाकडं चिन्ह नावानिशी छापलेलं होतं, म्हणजे तिच्या स्क्रीनशॉटमध्येही असणार. तिने नीटच कॉपी केलं होतं.

तेव्हापासून फोनवरून कोड देत नाही. 'घरी पोचून बघतो' एवढंच लिहितो. लॅपटॉपवर चालवतो, चालला तरच पाठवतो, आणि कोडच्या वर-खाली तीन-तीन बॅकटिक देतो, म्हणजे एस्केपच्या खालच्या बटणावरचं ते तिरकं चिन्ह. मग टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप त्यातल्या तारकांना ठळक अक्षरांच्या खुणा समजत नाही. आणि कुणी 'चालत नाही' म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला : 'शेवटची ओळ काय म्हणते?' पायथनच्या एररमध्ये खरी तक्रार शेवटच्या ओळीत असते. नवखा वरून वाचायला लागतो आणि दुसऱ्या ओळीला घाबरून सोडून देतो.

'अरे, एवढं पण माहीत नाही?'

न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये, म्हणजे प्रोग्रामिंग शिकायच्या एका ठिकाणी, प्रोग्रामरांसाठी मोजकेच सामाजिक नियम आहेत. त्यातला एक असा, की समोरच्याला काही माहीत नसलं तर आश्चर्याचा आव आणायचा नाही. तो मी ग्रुपवर पिन केला. एक जुना सभासद म्हणाला, 'स्टॅक ओव्हरफ्लोवर याहून वाईट बोलतात.' बोलतात खरं, पण प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची आपली साइट नवख्यांना परकी वाटते हे त्यांनीही २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर कबूल केलंय.

'गूगल कर' हेही बंद. गूगल करायला नेमका शब्द लागतो आणि नवख्याकडे तोच नसतो. शब्द द्या, मग खुशाल शोधायला पाठवा.

विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणं

डिचोलीच्या एका मुलाने विचारलं, 'ओळीतले काही स्वल्पविराम काढायचे आणि काही ठेवायचे, कसं?' तीन जाणकार तुटून पडले. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरातला ठरावीक नमुना शोधायच्या सांकेतिक भाषेच्या) एकाहून एक लांब ओळी, मग कुणाची सरस यावर वाद. ज्याचा प्रश्न तो गप्प. शेवटी मी विचारलं, 'बाबा रे, तू मुळात करतोयस काय?' वडिलांच्या काजूच्या व्यापाराचा हिशोब एक्सेलमधून सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत) काढून त्याची बेरीज करत होता. रक्कम "१,२५,०००" अशी अवतरणांत, आणि हा स्प्लिट लावून दिसेल त्या स्वल्पविरामावर ओळ कापत होता. सव्वा लाखाचे तीन तुकडे! पायथनबरोबर येणारं सीएसव्ही मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, अवतरणातल्या स्वल्पविरामाला हात लावत नाही. ते वापरलं, मग रकमेतले स्वल्पविराम रिप्लेसने काढले, झालं. एवढ्यासाठी ग्रुपवर चाळीसेक मेसेज पडले होते, आणि त्यातले बहुतेक हुशारी दाखवायला.

नियमांचं बाड

आमच्याकडे पूर्वी इंग्रजीत लांबलचक नियमावली होती. मीच लिहिलेली, आणि बहुधा मीच वाचलेली. त्यातला 'फक्त इंग्रजीत लिहा' हा नियम पहिल्यांदा उडवला. इथली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीत. प्रश्न इंग्रजीत बसवता-बसवता त्यातलं निम्मं सांडतं. आता मराठी, कोंकणी, रोमीतली (रोमन लिपीतली) कोंकणी, सगळं चालतं. एरर मात्र आहे तशी, अक्षर न बदलता हवी. एकाने 'सापडत नाही असं म्हणतंय' एवढंच लिहिलं होतं. फाइल सापडत नाही, मॉड्यूल सापडत नाही की व्हेरिएबलचं नाव? तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं. आता चारच गोष्टी मागतो : काय करायचं होतं, काय केलं, पूर्ण एरर, पायथनची आवृत्ती.

आवृत्ती विसरू नका. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी प्रिंटला कंस नसलेले जुने धडे अजून फिरतायत.

स्क्रीनचा फोनने काढलेला तिरका फोटो आला तर खेकसू नका, मजकूर कसा कॉपी करायचा ते एकदा दाखवा.

खासगीत उत्तर देऊ नका. उद्या तेच दुसरा विचारतो.

आता चिकाटी. एकच प्रश्न तीन ग्रुपवर टाकून सगळ्यांना धावायला लावणारे, 'फुल कोड द्या, अर्जंट' म्हणणारे, एआयने ओकलेल्या दोनशे ओळी न वाचता चिकटवणारे, यांच्यासाठी माझ्याकडे गोड शब्द नाहीत, पण कडूही वापरत नाही. 'यातली कुठली ओळ कळली नाही?' एवढंच विचारतो. 'सगळीच' असं उत्तर आलं तर पहिल्या ओळीपासून बसायची माझी तयारी असते, आणि खरंच बसलेले दोघे-तिघे आज दुसऱ्यांना उत्तरं देतात. बाकीचे तिथेच गळतात, आणि त्यांच्यासाठी माझी झोप उडत नाही. परवा रात्री एकाने असाच 'अर्जंट सर' म्हणून कोड टाकला. मी ओळ विचारली. अजून टायपिंग चालू असावं.