आरोग्य माहिती प्रणाली शिकवताना या चुका टाळा

सत्र संपतं. विद्यार्थी लॉगिन करून अहवाल काढून दाखवतात, प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही होते. पुढे नोकरीत पहिल्याच महिन्यात एखाद्या तालुक्याचा आकडा चुकलेला दिसतो आणि चूक शोधायला सुरुवात कुठून करायची हेच त्यांना सुचत नाही. एमपीएच (सार्वजनिक आरोग्य), रुग्णालय व्यवस्थापन, नर्सिंग किंवा जनऔषधवैद्यकशास्त्र अशा पदव्युत्तर वर्गांना हा विषय शिकवताना आपण बटणं शिकवतो आणि आकडा सोडून देतो, हे त्याचं मूळ आहे. आकडा नोंदवहीतून निघून जिल्ह्याच्या तक्त्यापर्यंत कसा जातो आणि वाटेत कुठे सांडतो, हे ज्याला कळलं तो कोणत्याही सॉफ्टवेअरपुढे अडत नाही. कोल्हापूर परिसरातल्या शिक्षकांसाठी, शिकवताना हमखास होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय पुढे दिले आहेत.

पहिल्याच तासाला संगणक उघडणं

पहिले दोन आठवडे लॉगिन देऊ नका. उपकेंद्रातल्या गरोदर मातांच्या नोंदवहीचे कोरे रकाने छापून घ्या आणि ४० काल्पनिक महिलांच्या नोंदी त्यात हाताने भरा. मग दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. दोघांनीही त्याच नोंदींवरून स्वतंत्रपणे मासिक अहवालातले दहा आकडे काढायचे: नवीन नोंदणी, १२ आठवड्यांच्या आतली नोंदणी, चार तपासण्या पूर्ण झालेल्या माता, वगैरे. दोघांचे आकडे सहसा जुळत नाहीत. ते का जुळले नाहीत यावर एक तास द्या. या विषयातला सगळ्यात मोलाचा तास तोच.

त्या ४० नोंदींत आपल्याकडची एक गुंतागुंत मुद्दाम पेरा. भुदरगड तालुक्यात सासर असलेल्या बाईची नोंद तिसऱ्या महिन्यात सासरच्या उपकेंद्रात झाली. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी कागलला माहेरी आली आणि तिथल्या वहीतही तिची ‘नवीन नोंदणी’ झाली. प्रसूती कोल्हापूर शहरात झाली. जिल्ह्याच्या अहवालात नोंदणी दोन, प्रसूती एक. हे न कळलेला विद्यार्थी लगेच ‘एका गरोदर मातेची प्रसूती कुठेच नोंदलेली नाही’ असा निष्कर्ष काढतो. उपाय साधा आहे. माहेरी आलेल्या बाईला आधीचं कार्ड आणि आरसीएच क्रमांक (माता-बाल आरोग्य नोंदणीचा क्रमांक) विचारायचा, तिची नोंद ‘बाहेरून आलेली’ म्हणून वेगळी ठेवायची आणि नवीन नोंदणीत ती फक्त एकदाच मोजायची.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात, त्यांची बाळं इथल्या सत्रांत लस घेतात. त्या डोसांची बेरीज वर, अंशात येते. खाली, छेदात मात्र गावच्या कायम लोकसंख्येवरून काढलेली अपेक्षित बालकं असतात. मग शिरोळ किंवा हातकणंगल्यातल्या एखाद्या केंद्राचं लसीकरण १०० टक्क्यांच्या वर दिसतं. इथे विद्यार्थ्याने आकडा कापून १०० वर आणणं ही गंभीर चूक आहे, कारण दिलेला डोस खरा आहे. त्याला छेद तपासायला शिकवा आणि स्थलांतरित बालकांचा रकाना वेगळा काढायला लावा.

एक्सेलवर डोळे मिटून विश्वास ठेवणं

‘एक्सेल तर सगळ्यांनाच येतं’ असं म्हणून हा भाग गाळला जातो, आणि निम्मा घोळ इथेच होतो. एकच फाइल वर्गात पडद्यावर उघडून दाखवा. आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, १४ अंकी असतो. समजा तो सलग ९१२३४५६७८९०१२३ असा सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) आहे. फाइल डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि रकान्यात ९.१२३४६ई+१३ असं दाखवतं. इथवर मूळ अंक शाबूत असतात. पण कुणी सवयीने ‘सेव्ह’ दाबलं, की सीएसव्हीमध्ये जे दिसतंय तेच लिहिलं जातं. पुन्हा उघडलं की क्रमांक ९१२३४६०००००००० झालेला असतो, शेवटची आठ शून्यं. सुरुवातीचे अंक सारखे असलेले वेगवेगळे रुग्ण आता एकाच क्रमांकाचे दिसतात, आणि गेलेले अंक त्या फाइलमधून परत मिळत नाहीत.

योग्य पद्धत अशी. कोरं वर्कबुक उघडा. ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या. फाइलचं एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हं येतील. ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये जाऊन आभा, मोबाइल आणि केसपेपर क्रमांकाच्या रकान्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. तिथे एक्सेल विचारतं की आधीचा बदल बदलायचा की नवी पायरी जोडायची. ‘रिप्लेस करंट’च निवडा; नवी पायरी जोडली तर आधी संख्या होऊन मग मजकूर होतो आणि सुरुवातीची शून्यं गळतात. आभा क्रमांक २-४-४-४ असा आडव्या रेघांसह साठवला तर हा प्रश्नच येत नाही.

तारखांचा दोष ओळखायची खूण विद्यार्थ्यांना पाठ करून द्या. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०८ ही ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते. २५/०८ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, मजकूर म्हणून पडून राहते. म्हणून एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की थांबायचं. अशा वेळी उजवीकडच्या, नीट दिसणाऱ्या तारखाच चुकलेल्या असतात! फाइलींच्या देवाणघेवाणीत वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवा, म्हणजे २०२४-०८-०५.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्यांचंही भान ठेवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर युनिकोड नसतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो वाचता येत नाही आणि युनिकोडमध्ये टाइप केलेलं नाव शोधलं तर त्यात सापडत नाही. आधी तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

हे सगळं क्षुल्लक वाटत असेल तर २०२० मधलं इंग्लंडचं उदाहरण सांगा. प्रयोगशाळांचे कोविड अहवाल जुन्या एक्सएलएस प्रकारात ओढले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. परिणामी १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला.

शून्य आणि रिकामी जागा एकच मानणं

शून्य म्हणजे ‘पाहिलं, एकही नव्हता’. रिकामं म्हणजे ‘माहीत नाही’. हा फरक फळ्यावर लिहून भागत नाही, प्रणालीत बिघडवून दाखवावा लागतो. डीएचआयएस-२ ही ऑस्लो विद्यापीठात विकसित झालेली मुक्त आरोग्य माहिती प्रणाली यासाठी उत्तम आहे.

प्रसूती, जिवंत जन्म आणि मृतजन्म असे तीन घटक (डेटा एलिमेंट) तयार करा. तपासणीचा नियम लिहा: जिवंत जन्म अधिक मृतजन्म, हे प्रसूतींइतके किंवा त्याहून जास्त. ‘बरोबर’ असं चिन्ह घालू नका; जुळी झाली की नियम उगाच ओरडतो. आता प्रसूती २०, जिवंत जन्म १७, मृतजन्म ० भरा. नियमाने चूक पकडायला हवी, पण पकडत नाही. कारण घटक तयार करताना ‘स्टोअर झिरो डेटा व्हॅल्यूज’वर खूण केली नव्हती, त्यामुळे टाइप केलेलं शून्य साठवलंच गेलं नाही. आणि नियमात ‘एखादी जरी किंमत नसेल तर वगळा’ हा पर्याय निवडलेला होता. दोन्ही दुरुस्त केल्यावर तोच नियम पुन्हा चालवा. विद्यार्थ्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की पुढे तो प्रत्येक रिकाम्या चौकोनाकडे संशयाने बघतो.

बेरीज कुठे करायची हे न शिकवणं

प्राथमिक आरोग्य केंद्रात ६ खाटा आहेत. दरमहा अहवालात ६ भरलं जातं. वर्षाचा तक्ता काढला तर ७२ खाटा! घटकाचा एकत्रीकरण प्रकार ‘सम’ (बेरीज) ठेवल्याचा हा परिणाम. घाईने तो नुसता ‘ॲव्हरेज’ केला तर महिन्यांचा प्रश्न सुटतो, पण पाच केंद्रांच्या तालुक्यात ३० ऐवजी ६ खाटा दिसतात, कारण आता केंद्रांचीही सरासरी निघते. खाटा, मंजूर पदं, औषधांचा शिल्लक साठा अशा गोष्टी काळाच्या दिशेने बेरजेत घ्यायच्या नसतात, जागेच्या दिशेने घ्यायच्या असतात. त्यासाठी ‘लास्ट व्हॅल्यू, सम इन ऑर्ग युनिट हायरार्की’ हा प्रकार निवडायचा. बाह्यरुग्ण आणि प्रसूती मात्र दोन्ही दिशांनी बेरजेत जातात.

याच टप्प्यावर दोन तक्रारी नेहमी येतात. ‘माहिती भरली, पण अहवालात दिसत नाही’ ही पहिली. अहवाल थेट भरलेल्या माहितीवरून निघत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे तक्ते तयार होतात. डेटा ॲडमिनिस्ट्रेशन ॲपमध्ये जाऊन ॲनालिटिक्सचे तक्ते पुन्हा तयार करा. ‘फॉर्मच दिसत नाही’ ही दुसरी. तिथे तीनच गोष्टी या क्रमाने बघा: डेटा सेट (फॉर्ममधल्या घटकांचा संच) त्या केंद्राला जोडला आहे का, वापरकर्त्याला ते केंद्र दिलं आहे का, आणि शेअरिंगमध्ये माहिती भरण्याची परवानगी आहे का. विद्यार्थ्यांचं काम सार्वजनिक डेमो सर्व्हरवर ठेवू नका, तो वेळोवेळी पुसून पूर्ववत केला जातो. महाविद्यालयाच्या संगणकावर स्वतःची प्रत बसवा.

खऱ्या रुग्णांची माहिती सरावाला देणं

‘नावं काढून टाकली आहेत’ हे पुरेसं नाही. गगनबावड्यासारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यातलं गाव, वय ३४, स्त्री आणि एचआयव्ही, एवढ्या चार रकान्यांवर गावातला कुणीही ती व्यक्ती ओळखेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि कायदा नसता तरी हे वागणं चूकच ठरलं असतं. सरावासाठी सिंथिया हे मुक्त साधन कृत्रिम रुग्ण तयार करून देतं. त्यातली नावं आणि गावं अमेरिकी असतात, ती बदलून आपल्या बारा तालुक्यांची घाला. खऱ्या माहितीवर प्रबंध असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, गावाऐवजी तालुका ठेवा, वयाचे पाच-पाच वर्षांचे गट करा आणि पाचपेक्षा कमी रुग्णांचे चौकोन झाका. वर्गाला एकच लॉगिन वाटून देऊ नका. कुणी काय बदललं याची नोंद त्याने निरुपयोगी होते, आणि तीच सवय पुढे रुग्णालयात जाते.

दुबार नोंदी ‘नाव आणि जन्मतारखेवर’ शोधायला लावणं

आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावलेली असंख्य माणसं आहेत. त्यात ‘संभाजी पाटील’ हे नाव घेतलं, तर करवीर तालुक्यात एकाच तारखेचे कितीतरी जण निघतील. उलट एकच बाई लग्नाआधी एका आडनावाने आणि नंतर दुसऱ्या आडनावाने नोंदलेली असते.

सरावाला २०० काल्पनिक नावांची यादी द्या. त्यात १५ खऱ्या दुबार नोंदी आणि १० फसव्या जोड्या लपवा. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, लिंग, वय, मोबाइल आणि गाव यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगा. १ जून किंवा १ जानेवारी जुळली तर त्याचे गुण निम्मे. मोबाइलवरही भार टाकू नका, एकाच घरात एकच क्रमांक सगळ्यांच्या केसपेपरवर असतो. विद्यार्थ्यांना गुण देताना चुकीच्या जोडणीला दुप्पट दंड ठेवा. दोन माणसांचे कागद एकत्र झाले तर एकाची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते.

पुराचा दिवस अभ्यासक्रमात नसणं

२०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या जिल्ह्यात हा धडा वगळता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ ला कागदी फॉर्मचे गठ्ठे आणि बॅकअप हलवायचे, ४३ ची वाट बघायची नाही, असा लेखी क्रम विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्या. मग दीड तास संगणक बंद ठेवून ३० काल्पनिक रुग्ण कागदावर नोंदवायला लावा आणि नंतर ते प्रणालीत भरायला सांगा. जवळपास प्रत्येक गट इथे एक चूक करतो: रुग्ण आल्याची तारीख न टाकता भरल्याची तारीख टाकतो. पाणी ओसरल्यावर आठ दिवसांचे जुलाबाचे रुग्ण एकाच दिवशी भरले गेले की आलेखावर साथीचा सुळका दिसतो आणि पथकं भलत्याच दिवशी धावतात. फॉर्मवर दोन्ही तारखांचे रकाने ठेवा.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. ती दुसरी जागा पूररेषेत नको. आणि बॅकअप घेतला यावर गुण देऊ नका. दुसऱ्या लॅपटॉपवर तो परत उभा करून ओळींची संख्या जुळवून दाखवली आणि त्याला किती मिनिटं लागली ते लिहिलं, तर द्या.

परीक्षेत व्याख्या विचारणं

‘एचएमआयएसचे (आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचे) फायदे लिहा’ याऐवजी बिघडवलेली फाइल द्या. एका तालुक्याचा सहा महिन्यांचा अहवाल, त्यात वर आलेल्या प्रकारांतले १२ दोष, वेळ अडीच तास. प्रत्येक दोषाला तीन गुण: तो कुठे आहे, कशामुळे झाला असावा, आणि खात्री करायला कोणती वही किंवा कोणाला विचारायचं. दुरुस्ती वेगळ्या प्रतीत, बदलांची यादी सोबत. मूळ फाइलवर सेव्ह केलं तर सहा गुण वजा, आणि हे पेपर सुरू होण्याआधी मोठ्याने वाचून सांगा.