कुत्र्या-मांजरांची पिल्लं दत्तक देताय? आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

आमचा ग्रुप म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. तालुक्याच्या गावचे पाच जण, त्यात एक झेडपीचे सर, एक मेडिकलवाला, कॉलेजचे दोन पोट्टे आणि मी, माझं कृषी केंद्र आहे. शेल्टर-बिल्टर काही नाही, सरांच्या घरामागचा ढोरांचा जुना कोठा तेवढा आहे. आठवडी बाजार उठला की दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडच्या मागे एखाद्या बोऱ्यात पिल्लं हमखास सापडतात, बाजाराला येताना लोक सोबत आणतात अन् जाताना विसरतात म्हणा. पहिल्या वर्षी आम्ही नुसते आकडे मोजायचो, आज दोन दिली, काल तीन दिली, लगेच स्टेटस. मग एका रविवारी सरांनी वही काढून सगळ्या घरी फोन लावले तर बऱ्याच ठिकाणी पिल्लूच नव्हतं, कुठं मेलं, कुठं पळालं, कुठं "सोडून दिलं जी त्याले नाल्याकडं". वर्षभर आम्ही फक्त आमचा कोठा रिकामा करत होतो. तेव्हापासून जे जे चुकलं ते लिहून ठेवलं, त्यातलं इथं देतो.

पोट्ट्याने मागितलं म्हणून दिलं

परत येणाऱ्या पिल्लांत सगळ्यात जास्त ही केस. बारावीतला पोट्टा बाईकवर येतो, पिल्लासोबत सेल्फी काढतो, शर्टात घालून घेऊन जातो आणि चौथ्या दिवशी त्याची माय पिल्लू घेऊन दारात उभी. एका माउलीने तर आम्हाला चांगलंच झापलं होतं, "पोट्ट्यानं आणलं, मले इचारलं का कोनी? दोन गाई, तीन बकऱ्या, आता याचं गू बी मीच काढू?" तिचं काय चुकलं सांगा, पिल्लाला भाकर तीच टाकणार, रात्री रडलं तर तीच उठणार, पोट्टा तर कॉलेजला जाऊन राहिला. आता आमचा नियम सरळ आहे, घरात जी चुलीपाशी असते तिच्याशी बोलणं झाल्याशिवाय पिल्लू हलत नाही. फोनवर नाही, समोरासमोर, शक्यतो तिच्याच घरी. तिथं गेलं की बाकी सगळं न विचारता दिसते, फाटक आहे का, कोंबड्या मोकळ्या फिरतात का (फिरत असल्या तर आधीच बोलून घ्या, पहिली कोंबडी मेली की पिल्लाचं घर गेलं), म्हातारे बुवा कुत्रं पाहून काठी उचलतात का. एका घरी अंगणात साखळी अडकवलेली होती अन् कुत्रं नव्हतं, आधीचं कुठं गेलं विचारलं तर कोणी नीट सांगेना, आम्ही चहा पिऊन परत आलो.

आज सापडलं, उद्या दिलं

ही चूक आम्हाला सगळ्यात महाग पडली. बोऱ्यातलं पिल्लू उड्या मारते, खाते-पिते, म्हणून दुसऱ्याच दिवशी देऊन टाकलं, आणि पाचव्या दिवशी फोन, उलट्या होऊन राहिल्या, संडासातून रक्त, घाण वास. तो पार्वो. पार्वोचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, कधी 14 पर्यंत जातात, म्हणजे आपण देतो तेव्हा पिल्लू ठणठणीत दिसते अन् आजार त्याच्यासोबतच नव्या घरी जातो. त्या घरात पहिलं कुत्रं बिनलशीचं असलं तर तेही जाते. म्हणून सापडलेलं पिल्लू आता 14 दिवस वेगळं ठेवतो, वेगळं म्हणजे खरंच वेगळं, नव्या पिल्लांची ताटली वेगळी, बोरा वेगळा, आणि त्यांना हात लावून त्याच हाताने जुन्यांना लावायचा नाही.

कोठ्याची गोष्ट तर अजून वाईट. एक आजारी पिल्लू गेल्यावर आम्ही जागा फिनाईलने धुतली आणि समाधानाने नवीन चार ठेवली, तीन गेली. फिनाईलवर पार्वोसाठी भरवसा ठेवायचा नाही, आणि विषाणू जमिनीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. ब्लीच लागते, 1 भाग लिक्विड ब्लीच आणि 30 भाग पाणी, आधी घाण पूर्ण खरडून-धुऊन काढायची, मग ते पाणी टाकून 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. हे फरशीवर किंवा सिमेंटवर जमते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर नाही जमत, मातीत ब्लीच कामच करत नाही, म्हणून आम्ही कोठ्याच्या एका कोपऱ्यात सिमेंटचा कोबा करून घेतला, पैसे माझे आणि मेडिकलवाल्या भाऊचे.

पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं झालं की लस सुरू करा, मग दर 3-4 आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, पुढं दरवर्षी. "एक इंजेक्शन झालं आहे" एवढंच सांगून पिल्लू देऊ नका, लोकांना वाटते झालं सगळं. पुढची तारीख कार्डावर लिहून द्या. आणि लस आणताना जपा, ती 2 ते 8 डिग्रीत राहायला पाहिजे, आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 वर असतो, एकदा नागपूरवरून एसटीने पिशवीत आणलेल्या लसी डॉक्टरसाहेबांनी फेकायलाच लावल्या. आता थर्मासमध्ये आणतो, आत बर्फ, पण लस कागदात गुंडाळून, गोठली तरी वाया जाते.

दुधाचंही सांगून ठेवतो. फार लहान पिल्लाला गाईचं दूध पाजलं की बहुतेक हगवण लागते, आणि 8 आठवड्यांच्या आत मायपासून तोडूच नका. माय गावात दिसत असली तर पिल्लं उचलायची घाई कशाला, तिलाच खाऊ घाला की.

"नर आहे ना?"

पहिला प्रश्न हाच. बोऱ्यात सापडतात त्यात माद्याच जास्त, कारण नर आधीच गावात वाटले जातात. सुरुवातीला आमचा एक पोट्टा सरळ "हाव जी, नर आहे" म्हणून माद्या द्यायचा, त्याला वाटायचं एकदा लळा लागला की ठेवतील. सहा-आठ महिन्यांनी ती माजावर आली, दारात गावभरचे कुत्रे, आणि रात्रीतून कोणीतरी तिला दुसऱ्या गावाला सोडून आलं. खोटं बोलू नका. त्यापेक्षा मादी देतानाच ऑपरेशन कधी, कुठं अन् गाडीभाडं कोण देणार ते ठरवा. तालुक्याच्या दवाखान्यात कुत्रीचं ऑपरेशन होईलच असं नाही, आम्ही दोन-तीन माद्या जमल्या की छोटा हत्ती करून नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेतो, पश्चिम विदर्भातल्यांना अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था जवळ पडते. गाभणी कुत्री साधारण 63 दिवसांत विते, म्हणजे "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणेपर्यंत तुमच्याकडं अजून सहा पिल्लं. मांजर तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते. पिल्लांचा नर-मादी ओळखायला आम्ही अजूनही चुकतो, पण तीन रंगांची मांजर दिसली तर ती जवळजवळ नेहमी मादीच, एवढं पक्कं.

वावरासाठी पाहिजे

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक ठेवत नाहीत म्हणून जागलीला कुत्रं पाहिजे, ही मागणी खरी आहे आणि अशा घरी कुत्री चांगली राहिलेली मी पाहिली, शेतकऱ्याच्या ताटातली अर्धी भाकर त्याचीच असते. पण दोन महिन्यांचं पिल्लू वावरातल्या खांबाला बांधून मालक संध्याकाळी गावात येत असेल तर ते पिल्लू बिबट्यासाठी ठेवल्यासारखंच आहे. आम्ही विचारतो, रात्री वावरात माणूस असते का? नसेल तर नाही. असेल तरी आधी सहा-आठ महिने घरीच वाढू द्या, मग मालकासोबत जाईल-येईल. सावली, पाणी अन् फवाऱ्याच्या दिवसांत औषधाचे रिकामे डबे कुठं फेकता, तेही बघून या.

मोठं, गावात रुळलेलं कुत्रं उचलून दुसऱ्या गावच्या वावरात नेऊन सोडलं आणि "घर मिळालं" म्हटलं, हेही आम्ही केलं. ते सात दिवसांत परत येते किंवा तिथले कुत्रे त्याला फाडतात. 2023 च्या एबीसी (कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या) नियमांतही हेच आहे, नसबंदी-लस करून जिथून उचललं तिथंच सोडायचं.

गोचीड झाले, काय मारू?

दुकानात आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारते, भाऊ, पऱ्हाटीवर मारायचं औषध थोडं पाण्यात टाकून कुत्र्याला लावू का. नका लावू. मीच विकतो म्हणून सांगतो, पिल्लू अंग चाटते अन् झटके येऊन मरते. गाईच्या गोचिडाचं औषधसुद्धा डॉक्टरला मात्रा विचारल्याशिवाय नाही, आणि मांजरीला तर अजिबातच नाही, परमेथ्रिनसारखी औषधं तिला पचत नाहीत. ताप आला म्हणून मांजरीला पॅरासिटामॉल देणारेही भेटले, एका गोळीत मांजर जाऊ शकते. गोचीड झालेलं कुत्रं सुस्त पडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर तो गोचीडताप असू शकतो, दवाखाना गाठा.

आणि नव्या घरी पिल्लाचा दात किंवा नख लागलं तर जखमेला मिरची-चुना लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा अन् सगळे डोस पूर्ण करा. हे आम्ही देतानाच सांगतो, लोक घाबरतात, एखाद-दुसरा घेत पण नाही, चालते.

मांजर दिली अन् संध्याकाळी गायब

कारण तिला अंगणात मोकळं सोडलं. कुत्रं माणसाला धरून राहते, मांजर जागेला. दोन-तीन आठवडे एकाच खोलीत कोंडा, मातीचं घमेलं ठेवा, खायला ठरल्या वेळी द्या, मग उपाशीपोटी बाहेर सोडा म्हणजे जेवायला परत येते.

राहिलं व्हॉट्सॲप. "अर्जंट, आज नाही घेतलं तर मरेल" असं टाकू नका, दया येऊन घेणारा माणूस चार दिवसांत थकतो. फोटोवरच तारीख आणि गाव लिहा, आमचा एक तपकिरी पिल्लाचा फोटो अजून फिरतो, ते पिल्लू आता स्वतः दोनदा बाप झालं असेल आणि फोन मला येतात. दिल्यावर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने फोन करा, "कसं आहे" नाही विचारायचं, "खाल्लं काय, झोपते कुठं" विचारायचं, "मस्त आहे" मध्ये काही कळत नाही.

सध्या कोठ्यात एकच आहे, काळी मादी, मागचा पाय थोडा लंगडा. तीन महिन्यांची झाली, आतापर्यंतच्या लसी झाल्या, फोटो पाहून कोणी विचारलं नाही. परवा शेजारच्या गावचा एक पोट्टा मागायला आला, त्याला म्हटलं मायला पाठव. बुधवारी बाजाराला येईन तेव्हा पाहून जाते म्हणाली.