तेल मुरलेल्या मातीत बॅक्टेरिया काम करतायत का, हे ईआरटीने कसं बघायचं

डिझेल मुरलेल्या मातीत ते खाणारे बॅक्टेरिया सोडले की पहिला प्रश्न हाच, की खाली खरंच काही होतंय का. दर महिन्याला दहा ठिकाणची माती काढून लॅबला पाठवायची तर खर्च परवडत नाही, आणि दोन खड्ड्यांच्या मधे काय चाललंय ते तरीही कळत नाहीच. म्हणून ईआरटी करायचं, म्हणजे ओळीने स्टीलच्या सळ्या ठोकायच्या, दोन सळ्यांतून करंट सोडायचा, दुसऱ्या दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं आणि त्यावरून खालच्या मातीच्या रोधाचं चित्र काढायचं.

ताजं तेल वीज वाहू देत नाही, त्यामुळे सुरुवातीला तिथला रोध जास्त दिसतो. बॅक्टेरिया तेल खायला लागले की ऑरगॅनिक ॲसिड आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो पाण्यात विरघळून मातीतली खनिजं झिजवतो, पाण्यात क्षार वाढतात आणि तीच जागा हळूहळू कमी रोधाची होते. अमेरिकेत मिनेसोटात बेमिजीजवळ १९७९ च्या ऑगस्टमध्ये पाइपलाइन फुटून साधारण १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं, ती जागा १९८३ पासून अभ्यासाखाली आहे, आणि तिथे भूजलपातळी वर-खाली होते त्या पट्ट्यात मातीचं चुंबकत्वही वाढलेलं सापडलं, कारण लोह वापरणाऱ्या बॅक्टेरियांमुळे तिथे मॅग्नेटाइट तयार झालंय. मला हे फार भारी वाटतं, नुसत्या खाण्यापिण्यातून त्यांनी दगडच बनवला!

आता प्रत्यक्ष काम. बॅक्टेरिया सोडायच्या आधी एक सर्व्हे झालाच पाहिजे, तो राहिला तर पुढचे आकडे कशाशी ताडून बघणार? एक मीटर अंतराने ४८ सळ्या लावल्या तर आठेक मीटरपर्यंतचं चित्र मिळतं, तेल वरच्या दोन मीटरातच असेल तर अर्धा मीटर अंतर ठेवा. जागा खुंट्या ठोकून कायमच्या करा, दर वेळी सळी त्याच भोकात गेली पाहिजे. मे महिन्यात काळी माती भेगाळली की सळी भोकात हलते आणि मशीन रीडिंगच घेत नाही, तेव्हा मगभर साधं पाणी ओता, पण दर वेळी तेवढंच. मिठाचं पाणी अजिबात नको, ते मातीत राहतं आणि पुढच्या महिन्यात तेच चित्रात दिसतं. काही रीडिंग करंटच्या आणि व्होल्टेजच्या सळ्यांची अदलाबदल करून पुन्हा घ्या, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर ते सरळ टाकून द्या.

सगळ्यात मोठी फसगत खताची. बॅक्टेरियांना नायट्रोजन-फॉस्फरस लागतो म्हणून आपण युरिया, डीएपी टाकतो, आणि खत म्हणजे शेवटी क्षारच. आमच्या एका प्लॉटवर खत टाकल्यावर दोन आठवड्यांत रोध धाडकन खाली आला, सगळे खूश, पण शेजारी बॅक्टेरिया न सोडता फक्त खत दिलेल्या तुकड्यावरही जवळपास तेवढाच खाली आलेला, म्हणजे आम्ही दोन आठवडे डीएपी मोजत होतो. तेव्हापासून मी सांगते, तेच तेल, तेवढंच खत, तेवढंच पाणी, फक्त बॅक्टेरिया नाहीत, असा एक तुकडा ठेवल्याशिवाय कामाला हात लावू नका. त्यातही जमिनीतले मूळचे बॅक्टेरिया थोडंफार खातातच, हे लक्षात असू द्या.

तापमानाचंही तसंच, एका डिग्रीला रोध साधारण दोन टक्के बदलतो, म्हणजे डिसेंबरची २५ डिग्रीची माती मेमध्ये ३५ झाली की काहीच न घडता २० टक्के फरक. अर्ध्या आणि एक मीटरवर थर्मामीटर पुरून सगळे आकडे २५ डिग्रीवर आणा. पावसाळ्यातले सर्व्हे उन्हाळ्यातल्यांशी ताडू नका. आपल्या काळ्या मातीचा रोध मुळातच कमी असतो, तिथे बदल पुसट दिसतो आणि जीपीआर, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडून बघणं, तर चिकणमातीत खाली पोचतच नाही, बेमिजीसारख्या वाळूत हे काम सोपं. काळ्या मातीत जमलं तर आयपी पण घ्या, करंट बंद केल्यावर माती किती वेळ चार्ज धरून ठेवते ते त्यात कळतं.

चित्रात बदल दिसला तिथलीच माती ऑगरने, म्हणजे जमिनीत फिरवायच्या गिरमिटाने काढा, जिथे दिसला नाही तिथलीही एक घ्या, आणि दोन्हीतलं टीपीएच (म्हणजे मातीत एकूण किती तेल उरलंय ते), पीएच आणि ओलावा तपासा. वर बादलीएवढा चेंबर उपडा ठेवून कार्बन डायऑक्साइडही मोजा. पुढे कधीतरी रोध परत पहिल्या सर्व्हेच्या आकड्यांकडे सरकू लागेल आणि गॅसही कमी होईल, तेव्हा लगेच काम झालं असं धरू नका, तेल संपलं असेल किंवा माती कोरडी पडून बॅक्टेरिया थांबले असतील. टीपीएच अजून जास्त निघालं तर पाणी द्या, माती उलथून हवा खेळू द्या आणि महिन्याने त्याच भोकांत सळ्या लावून पुन्हा बघा.