वणवे लावायची नोकरी

गावी कुणी विचारलं, "ऑस्ट्रेलियात काय करतेस गं?" की मी सांगते, "वणवे लावते." आईला हे उत्तर अजिबात आवडत नाही. पण उत्तर ऑस्ट्रेलियातल्या सव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानात, वणव्यांचं काम शिकायचं तर आधी आग लावायलाच शिकावं लागतं.

तिथला पावसाळा एप्रिलच्या सुमारास आटपतो. मे-जूनमध्ये गवत पिवळं पडलेलं, पण बुडाशी ओल असते. तेव्हा लावलेली आग बुटकी राहते, रात्री दव पडलं की बहुतेक विझते, आणि मागे गोधडीसारखे जळके-हिरवे तुकडे उरतात. ऑक्टोबरात पेटलेली आग याच तुकड्यांशी येऊन अडखळते. तुकडे नसले तर ती शेंड्यांची पानंसुद्धा करपवत जाते. तिथल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाकडचे बिनिंज हे मूळनिवासी लोक मे-जूनच्या त्या मोसमाला 'येगे' म्हणतात आणि पिढ्यानपिढ्या तेव्हाच जाळायला सुरुवात करत आलेत.

2006 पासून काकाडूला लागून असलेल्या पश्चिम आर्नहेम लँड या भागात सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर हीच रीत हेलिकॉप्टरच्या मदतीने चालते. पैसा येतो कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे मोठे वणवे टळल्याने जे हरितगृह वायू हवेत जायचे वाचतात त्यांच्या बदल्यात. त्यात मोजतात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण पुढच्या पावसात गवत तो परत ओढून घेतं. मुलाखतीत मला हेच विचारलं होतं. मी चुकले.

त्याहून मोठी चूक पहिल्याच हंगामात झाली. सकाळी गवत मुठीत चुरगळून पाहिलं, दमट लागलं, म्हणून निर्धास्तपणे ड्रिप टॉर्चने, म्हणजे पेटतं तेल ठिबकवणाऱ्या डब्याने, आगीची रेघ ओढत गेले. अकराला वारा फिरला आणि आग गाडीरस्ता ओलांडून पलीकडे. पाचोळा उडवून आगीची वाट तोडायला लीफ ब्लोअर घेऊन आम्ही तिघं धावलो. वर घारी टोळ टिपत घिरट्या घालत होत्या, त्यांची मजा चाललेली. आमच्यातल्या वयस्कर रेंजर बाई एवढंच म्हणाल्या, "सकाळनंतर पुन्हा हात लावलास गवताला?" रायगडात राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, आजोबा कडेचा पाचोळा झाडून वारा पडायची वाट बघत बसायचे. ते मला नेमकं तेव्हा आठवलं नाही.

आता तर तापमान वाढतंय, त्यामुळे कॅलेंडर बघून जाळायची सोय राहिलेली नाही. त्यात आफ्रिकेतून आणलेलं गाम्बा गवत चार मीटरपर्यंत वाढतं आणि स्थानिक गवतापेक्षा कितीतरी भडक पेटतं. गवतं ओळखता आली नाहीत तर नकाशा कितीही देखणा काढा, उपयोग शून्य.

यायचं असेल तर वनस्पतिशास्त्र किंवा वनशास्त्रासोबत जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, शिका. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आगींची माहिती देणाऱ्या 'नाफी'च्या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेल्या आगी घरबसल्या, फुकट दिसतात. एक अख्खा हंगाम रोज बघा. गिअरची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी चालवता यायला हवी. बूट चामड्याचे घ्या, मोजे सुती किंवा लोकरीचे. नायलॉन वितळून चिकटतं. माझ्या डाव्या घोट्यावर खूण आहे.