सावलीचा भाग: टीव्हीवरची बाहुली चालवायची असेल तर

डी.एड. झालेली, नाटकात दोन-चार कामं केलेली मुलं-मुली हल्ली विचारतात, "मुलांच्या कार्यक्रमात बाहुल्या चालवायच्या तर शिकायचं कुठं? आणि पोट भरतं काय?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नुसत्या त्यावर नाही भरत. निदान बेळगावात तरी नाही. मी शाळांमधून कार्यशाळा घेते, माझा जोडीदार लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आणि त्यातून वेळ काढून आम्ही इथल्या केबलसाठी मुलांचा कार्यक्रम करतो. हे चालणार असेल तर पुढं वाचा.

काम कसं असतं ते एका भागावरून सांगते. विषय होता सावली.

हाच विषय का, तर बेळगाव साधारण 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गडप होते. एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्यांदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. मेमध्ये शाळांना सुट्टी, आणि ऑगस्टमध्ये इथलं आभाळ कसं असतं ते खानापूरकडच्या माणसाला विचारा. मास्तरांनी कितीही मनावर घेतलं तरी वर्गातल्या पोरांना हे दाखवता येत नाही. अशी जागा सापडली की समजायचं, इथं टीव्हीचं काम आहे. जे पोराला दारात उभं राहून दिसतं ते बाहुलीकडून वदवून घेण्यात काय हशील? नवीन लेखक नेमकं तिथंच अडकतात. "झाडे आपले मित्र" या विषयावरच्या संहिता मी इतक्या वाचल्यात की आता पहिलं पान उलटायच्या आधीच जांभई येते.

आमची बाहुली चिंगी, सहा वर्षांची. तिला वाटतं, आपली सावली कुणीतरी चोरली. संशय बस कंडक्टर रामण्णावर, कारण सकाळी तो तिच्या सावलीवर पाय देऊन उभा होता! रामण्णा हा खरा माणूस, नट. तो निम्मं कन्नडमध्ये बोलतो, चिंगी घरातल्या मराठीत उत्तर देते, आणि आमच्या प्रेक्षक पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण गल्लीत तेच चालू असतं. एका प्रायोजकाला मात्र चिंगीच्या तोंडी पुस्तकी भाषा हवी होती. "काय कराल्यास?" असं विचारणारी पोरगी म्हणे संस्कारी वाटत नाही. आम्ही चिंगीला तशीच ठेवली, ते गेले. बसस्टॉपच्या सेटवर आम्ही गावाच्या नावाची पाटी मात्र लावली नाही. इथं पाटीवरून काय काय होतं हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

बाहुली आणि माणूस एकाच चौकटीत आणायचे की नाही, हा वाद जुना आहे. "सेसमी स्ट्रीट" ही एका रस्त्यावर घडणारी अमेरिकेतली मुलांची मालिका नोव्हेंबर 1969 मध्ये सुरू झाली. त्याआधी जुलैत फिलाडेल्फियात चाचणीचे भाग मुलांना दाखवले होते. तज्ज्ञांचा सल्ला असा होता की कल्पनेतलं आणि खरं वेगळं ठेवा, नाहीतर मुलं गोंधळतील. म्हणून रस्त्यावरच्या दृश्यांत नुसती माणसं होती. बाहुल्या आल्या की मुलं टक लावून बघत, रस्ता आला की लक्ष उडे. मग सल्ला बाजूला ठेवून रस्त्यावरच बाहुल्या आणल्या. बिग बर्ड आणि ऑस्कर या तिथल्या गाजलेल्या बाहुल्या त्यातूनच आल्या. आपल्याकडे 2006 मध्ये तिचीच हिंदी आवृत्ती "गल्ली गल्ली सिम सिम" आली. त्यातली शाळेच्या गणवेशातली बाहुली चमकी मी अजूनही नव्या मुलांना बघायला लावते. मोठी माणसं सांगतात नि ती ऐकते, असं फार कमी होतं. ती विचारते, हट्ट करते, चुकीचं अनुमान काढते. बाहुलीला सगळं येत असेल तर ती मास्तरीण झाली, मग बाहुली कशाला?

आता हाताचं काम. तोंड उघडणाऱ्या बाहुलीत चार बोटं वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या. नवखा माणूस बोटं वर उडवतो, त्यामुळे प्रत्येक शब्दाला बाहुलीचं डोकं मागं फेकलं जातं आणि नजर छताला जाते. हलवायचा तो अंगठा, खाली. बोटं स्थिर. आणि तोंड लिहिलेल्या अक्षरांना नाही, उच्चाराला उघडायचं. "सावली" लिहिताना तीन अक्षरं, पण आपण म्हणतो "साव-ली", तेव्हा दोनदाच उघडायचं. सुरुवातीला रोज सकाळी बातम्या लावा आणि रिकाम्या हातानं निवेदकाबरोबर बोला. खांदा भरून येईल, येऊ दे.

याहून अवघड म्हणजे मॉनिटर. तुम्ही चौकटीच्या खाली बसलेले, हात वर, आणि समोर जमिनीवर छोटा पडदा. तो आरसा नाही. हात उजवीकडे नेला की पडद्यावर बाहुली डावीकडे जाते. चिंगीनं रामण्णाच्या पायाकडे बघायचं होतं आणि आमच्या नव्या मुलीच्या हातून ती सारखी विजेच्या खांबाकडे बघत होती. बाहुलीची नजर बुबुळांच्या जागेवर ठरते, म्हणून डोळे सगळ्यात शेवटी चिकटवायचे, बुबुळं नाकाच्या बाजूला किंचित ओढून. एकदम सरळ ठेवली तर बाहुली कुणाकडेच बघत नाही, भिंतीपलीकडे बघते. डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून पुरतो. अंगाला फोम, तो कुशनवाल्याकडे मिळतो. उरलेले तुकडे मागितले तर बहुतेकदा फुकटच.

शूटिंग वडगावात, एका विणकराच्या घरामागच्या खोलीत केलं. भाडं परवडणारं, पण शेजारी माग. खटखट, खटखट, दिवसभर. लाईट गेली की माग थांबायचे आणि आमचे दिवेही! शेवटी संवाद रात्री माग बंद झाल्यावर आधी रेकॉर्ड केले आणि दिवसा त्यावर बाहुली चालवली. नव्यांना हे सोयीचंच पडतं, आवाज आणि हात एकाच वेळी सांभाळावे लागत नाहीत. तोटा असा की रामण्णाला ऐन वेळी काही सुचलं तर चिंगी उत्तर देऊ शकत नाही.

सावलीसाठी सूर्य म्हणजे काठीला बांधलेला एक एलईडी दिवा. सगळी गंमत तिथं होती. दिवा आडवा धरला की चिंगीची सावली भिंतीवर रामण्णापेक्षा मोठी. वर उचलत नेला की आखूड. बरोबर डोक्यावर आला की पायाखाली एक काळा ठिपका. हे एका सलग शॉटमध्ये घेतलं, मध्ये कुठं कापलं नाही, कारण कापलं की मुलांना वाटतं काहीतरी जादू केली. बाकी सगळे दिवे बंद करावे लागतात, नाहीतर दोन-दोन सावल्या पडतात. संहितेत चिंगी म्हणत होती, "बारा वाजता सावली जाते." आमच्या ओळखीच्या भूगोलाच्या बाईंनी ते खोडलं. घड्याळ चालतं ते 82.5 अंश रेखावृत्तावर, बेळगाव त्याच्या आठ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं. म्हणजे इथं सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला. विषयाचा जाणकार शूटिंगच्या आधी गाठा. नंतर गाठला तर तो चुका काढतो आणि तुम्ही नुसतं ऐकून घेता.

कच्चं एडिट झालं की ते मुलांना दाखवायचं आणि आपण पडद्याकडे नाही, मुलांकडे बघायचं. सेसमीच्या संशोधकांनी टीव्हीशेजारी स्लाइड प्रोजेक्टर ठेवून दर साडेसात सेकंदांनी वेगळं चित्र दाखवलं होतं, मुलाची नजर कधी ढळते ते टिपायला. आमच्याकडे प्रोजेक्टर कुठला! खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवली. बाहेर शेरडं, मोटारसायकली, आइस्कांडीवाला. एकानं घड्याळ धरलं, दुसऱ्यानं पोरं खिडकीकडे वळली की खूण केली. दिव्याच्या शॉटला आइस्कांडीवाल्याची घंटा वाजली तरी मागच्या दोघांपलीकडे कुणी हललं नाही. रामण्णा समजावून सांगतो त्या दृश्यात मात्र अख्खा वर्ग खिडकीत. ते दृश्य आम्ही निम्मं केलं. नटाला वाईट वाटलं.

शिकायला जायचं कुठं? नोकरीतल्या शिक्षकांसाठी दिल्लीचं सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) "शिक्षणात बाहुलीनाट्याची भूमिका" या विषयावर कार्यशाळा घेतं. नाव शिक्षण खात्यामार्फत जातं, तेव्हा आपल्या कार्यालयात चौकशी करत राहा. परंपरेतलं काम बघायचं असेल तर आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे कुडाळजवळचं पिंगुळी गाठा. ठाकर समाजाच्या कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथं आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कर्नाटकातली तोगलु गोंबेयाट हीसुद्धा चामड्याच्या बाहुल्यांचीच. कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. सावलीच्या भागाआधी आमची सगळी टोळी पिंगुळीला जाऊन आली होती. बाहुली दिव्याच्या जवळ नेली की पडद्यावर सावली केवढी वाढते, हे तिथं एकदा बघितलं की पुस्तक उघडायला लागत नाही.

पैशाबद्दल आणखी एक. एका चॅनेलसाठी केलेल्या कामात कार्यक्रम बंद झाला आणि बाहुल्या त्यांच्याच कपाटात राहिल्या, कारण त्या कुणाच्या हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. तेव्हा पहिल्या शूटिंगच्या आधी साध्या कागदावर का होईना तीन गोष्टी लिहून घ्या: बाहुली कुणाची, तिचं नाव आणि रूप दुसरीकडे वापरता येईल का, आणि भाग पुन्हा दाखवला तर काही मिळणार का. तिसऱ्याला बहुतेक नाहीच म्हणतात. पहिल्या दोन मात्र सोडू नका.