हेल्थटेकमध्ये येताय? आधी केसपेपरच्या खिडकीशी बसून या

पुण्यात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये मी काम करते. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं हमखास विचारतात, आधी काय शिकू? प्रोग्रामिंगची भाषा कुठलीही चालेल. पण आठवडाभर एखाद्या ओपीडीत, जिथे केसपेपर काढतात तिथे परवानगी काढून बसून या. आमच्या कामातले खरे अवघड प्रश्न त्या खिडकीवरच भेटतात.

पेशंटची ओळख पटवणंच घ्या. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर जुळवला की झालं, असं आपल्याला वाटतं. आता समोर आजी उभ्या आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून टाकली, आणि गावातल्या त्यांच्या वयाच्या कितीतरी जणांची तीच आहे. जुन्या फाइलवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मोबाइल नंबर मुलाचा. तो चाकणला ड्यूटीवर, ओटीपी त्याच्याकडे गेलेला, आणि मागे रांग वाढतेय. अशा गडबडीत एकीची पेनिसिलिनची ॲलर्जी त्याच नावाच्या दुसरीच्या फाइलीत नोंदली गेली, तर जिला खरा धोका आहे तिची फाइल कोरीच राहते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालं, त्यातला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे पेशंटचा स्वतःचा आरोग्य-ओळख क्रमांक, अशा ठिकाणी फार उपयोगी पडतो. पण तो ऐच्छिक आहे, त्यामुळे नावं जुळवण्याचं काम आपल्याला सुटत नाही.

डॉक्टर कागदावर ‘१-०-१’ लिहितात, म्हणजे गोळी सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक; दोन सेकंदांत. तुमच्या स्क्रीनवर त्यासाठी तीन ड्रॉपडाउन उघडावे लागत असतील तर ते पुन्हा पेनाकडेच जाणार, आणि त्यात त्यांचं काहीही चुकत नाही.

वाचायचंच असेल तर एफएचआयआर वाचा; आरोग्याच्या नोंदी एका सिस्टिममधून दुसरीत न्यायचं ते स्टँडर्ड आहे. आजारांच्या आणि लक्षणांच्या कोडसाठी स्नोमेड सीटी, तपासण्यांसाठी लॉइंक, एक्स-रे आणि एमआरआयसाठी डायकॉम. स्नोमेडचं भारतातलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेकडे आहे आणि भारतात ते मोफत वापरता येतं. आणि एककं! उपाशीपोटीची साखर एका लॅबच्या रिपोर्टात १२६ येते, दुसरीच्या रिपोर्टात ७, आणि दोन्हींचा अर्थ एकच: पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला, दुसरा मिलिमोल प्रति लिटरमधला. एकक सोडून नुसता आकडा डेटाबेसमध्ये कधीही ठेवू नका.

ई-कॉमर्समधून येणाऱ्यांना आमच्याकडचा वेग खटकतो. निदान किंवा उपचार ठरवायला मदत करणारं सॉफ्टवेअर कायद्याने वैद्यकीय उपकरण ठरू शकतं. त्याला २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स लागू होतात, जोखमीप्रमाणे ए ते डी असा वर्ग ठरतो आणि त्यानुसार कागदपत्रं, चाचण्या, परवाना. शुक्रवारी संध्याकाळी सुचलेला बदल सोमवारी लाइव्ह करता येत नाही, आणि मला हे अगदी योग्य वाटतं. पेशंटच्या माहितीबाबतही तेवढंच कडक राहा. खरा डेटा लॅपटॉपवर उतरवायचा नाही, आणि बग दाखवायला खऱ्या रिपोर्टाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, कितीही घाई असली तरी.

इंटरव्ह्यूत तुम्हीही प्रश्न विचारा. पैसे कोण देतं: हॉस्पिटल, पेशंट, विमा कंपनी की औषध कंपनी? औषध कंपनी असेल तर पेशंटची माहिती तिच्यापर्यंत जाते का, हे स्पष्टच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर मी तिथे जाणार नाही. टीममध्ये पूर्णवेळ डॉक्टर किंवा सिस्टर आहे का? रात्री दोनला वॉर्डातून फोन आला तर कोण उचलतं? आणि कंपनीकडे किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, कारण हॉस्पिटलकडून ऑर्डर यायला आणि बिल निघायला बराच वेळ लागतो. पगाराबद्दलचे प्रश्न इतर स्टार्टअपसारखेच.

इंजिनिअर नसलात तरी मागे राहू नका. बी.फार्म, बीएचएमएस, नर्सिंग झालेल्यांची इथे खरी गरज आहे. आमच्याकडे लॅब रिपोर्टांचं मॅपिंग बघणारी मुलगी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेली आहे. एका लॅबचं एसजीपीटी आणि दुसरीचं एएलटी ही एकच तपासणी, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. लॉइंक ती नंतर आमच्यासोबत शिकली.