एमटीबी शर्यतीत उतरताना: इनाम किती, खर्च किती, पाठीशी कोण

बेळगाव-खानापूरकडची बरीच पोरं आता माउंटन बाईकच्या शर्यतींची चौकशी करतात. पहिला प्रश्न ठरलेला: बक्षीस किती? प्रश्न रास्त आहे, म्हणून पैशांपासूनच सुरुवात करतो.

समजा, पहिलं बक्षीस 5,000 रुपये. त्यातून प्रवेश फी, सायकलसकट प्रवास, आदल्या रात्रीचा मुक्काम आणि जेवण वजा करा. मग सायकलीचा खर्च. जांबोटी-कणकुंबीच्या तांबड्या चिखलात रेझिनचे ब्रेक पॅड भराभर झिजतात. मेटलचे पॅड आवाज करतात, पण ओल्यात जास्त टिकतात. पावसाळ्यात तेच घाला. चेनही लवकर जाते. उजव्या अंगावर पडलात तर डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकतो आणि तुमच्या फ्रेमचा हँगर ऐनवेळी दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून एक जादा पिशवीत ठेवाच. हा हिशेब वहीत मांडलात की दिसेल, जिंकणाऱ्याच्या हातातही फारसं उरत नाही. चौथा-पाचवा येणारा तर पदरमोड करूनच घरी जातो.

म्हणून शर्यतीचं पत्रक हातात आलं की मी पहिल्या बक्षिसाचा आकडा शेवटी बघतो. बक्षिसं कितव्या क्रमांकापर्यंत आहेत? वयोगट वेगळे आहेत का? युसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमात 17-18 वर्षांचे ज्युनियर, 19 ते 22 अंडर-23. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला खुल्या गटात ढकलणाऱ्या शर्यतीला नवख्यानं जाऊ नये. आणि मुलींना किती? जागतिक अजिंक्यपदाला स्त्री-पुरुषांना सारखी रक्कम मिळते. आपल्याकडे मुलींची भांडी देऊन बोळवण होते, ते मला अजिबात पटत नाही. आयोजकांना तसं तोंडावर सांगा. सांगितल्यावर बदललेलं मी पाहिलंय.

इनाम उभं कसं करायचं, हे आपल्या भागाला शिकवावं लागत नाही. कुस्तीचं मैदान असो की रिकामी गाडी ओढायची बैलजोड्यांची शर्यत, एकेका नंबरचं इनाम एकेक देणगीदार उचलतो आणि त्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं. सायकलीलाही हीच रीत लावा. गावात जाऊन ‘स्पॉन्सर व्हा’ असं मोघम मागू नका. ‘काका, तिसऱ्या नंबरचं इनाम तुमच्या नावानं ठेवू का?’ असं विचारा, आणि पावती जागेवर फाडा. रोख पैसे जमणार नाहीत तिथं लोक दुसरं काही देतात आणि त्याची किंमत इनामापेक्षा जास्त असते: वळणावर उभी राहणारी मंडळाची पोरं, पाण्याचा टँकर, बाहेरगावच्या स्पर्धकांना झोपायला देवळाचा सभामंडप, महिला मंडळाचं जेवण. बांधावरून वाट देणारा शेतकरी तर सगळ्यांत मोठा देणगीदार. भाताची सुगी उरकल्याशिवाय त्याच्याकडे वाट मागू नका, आणि शर्यतीनंतर त्याच दिवशी रिबिनी, बाटल्या, रॅपर उचला. पुढच्या वर्षीची परवानगी त्यावरच ठरते. खानापूर तालुक्यातलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे; वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या वाटांवर सरावालाही शिरू नका. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या आजूबाजूच्या माळावर नवख्याला पुरेल इतका चढ-उतार आहे.

राज्य-राष्ट्रीय पातळीवर जायचं असेल तर राज्य संघटनेकडून निवड व्हावी लागते. चंदगडकडचा माझा सरावातला सोबती महाराष्ट्राकडून उतरतो, मी कर्नाटकाकडून. सराव मात्र एकाच घाटात. राष्ट्रीय माउंटन बाईक स्पर्धा 2021 मध्ये गदगला झाली होती, म्हणजे हे काही हिमालयातच चालतं असं नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या लहान वयाच्या मुला-मुलींनी विजयपूरच्या (विजापूर) सरकारी क्रीडा वसतिगृहाची चौकशी जरूर करावी. तिथं सायकलिंगचं प्रशिक्षण मिळतं, आणि राहण्या-खाण्याचा भार घरावर पडत नाही.

प्रवेश फी भरण्याआधी एवढं विचारून घ्या: बक्षीस रोख की खात्यावर, त्याच दिवशी की नंतर, आणि मैदानावर ॲम्ब्युलन्स आहे का. शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर बक्षीस कितीही असो, नाव देऊ नका.